खुल्या जागेला कुलूप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपलं वर्तमानपत्र इंदूरला आमच्या घरी एक दिवस शिळं होऊन येतं, त्यामुळे माझी पत्रंही शिळीच असतात. छापायचं की नाही ते आपण ठरवालच. मागे आपल्या पत्रस्तंभात मोठ्या उद्यानांविषयी बरंच आलं होतं. कुठे कारंजं बंद, कुठे तिकीट वाढलं, कुठे जोडपी बसतात. मला ज्या जागेबद्दल लिहायचं आहे तिथे तिकीट नाही, कारंजं नाही (अजून तरी), आणि जोडप्यांना बसायला आडोसाही नाही. आमच्या कॉलनीतला बगीचा.

पुण्याची माझी नणंद दर वेळी टोकते, "अगं वहिनी, बाग म्हण." तिला कसं सांगू? आमच्याकडे बागा म्हणजे रामबाग, नारायणबाग, छत्रीबाग, माणिकबाग. तिथे माणसं राहतात, किराणा दुकानं आहेत, संध्याकाळी हॉर्न वाजतात. झाडं असतात तो बगीचा. गावातली झाडं तशीही नावांतच जास्त उरली आहेत. इमली बाजारात चिंच शोधायला जाऊ नका, आणि पलासियाला पळस बघायला तर मुळीच नको.

तर हा बगीचा. अन्नपूर्णेच्या देवळापासून पायी वीस मिनिटांवर, चारी बाजूंनी घरं, मध्ये ही जागा. पूर्व-पश्चिम १४० फूट, उत्तर-दक्षिण ९० फूट, म्हणजे १२,६०० चौरस फूट. महाराष्ट्रातल्या मंडळींना गुंठ्यात सांगितलेलं लवकर समजतं, म्हणून सांगते, साडेअकरा गुंठे. हे आकडे अंदाजाचे नाहीत. ३१ वर्षं मी एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. हल्लीच्या मुलांना ट्रेसर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. साहेब पेन्सिलीनं नकाशा काढत, त्यावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून आम्ही तो शाईनं उतरवत असू. चूक झाली तर अर्धं ब्लेड घेऊन शाई अलगद खरवडायची, कापडाला भोक न पाडता. मग अमोनियाच्या यंत्रातून प्रिंट निघत. त्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी फिनेलची बाटली उघडली की मला कचेरीच आठवते.

कितीतरी कॉलन्यांचे लेआउट माझ्या हाताखालून गेले. प्लॉट, रस्ते, नाली, शाळेची जागा, आणि कुठेतरी एक चौकोन, ज्यात स्टेन्सिल ठेवून लिहायचं: खुली भूमि. प्रिंट आल्यावर तो चौकोन हिरव्या पेन्सिलीनं भरायचा. आमच्या कॉलनीचा नकाशा माझ्या हातचा नाही. कचेरीत असताना मी तो काढून पाहिला होता, अक्षर माझ्या आधीच्या कुणाचं तरी होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याहून चांगलं होतं. पण शब्द तोच. खुली भूमि.

आता बगीच्यात काय आहे ते सांगते. एक कडुनिंब आहे, कॉलनीच्याही आधीचा, इथे शेत होतं तेव्हा बांधावर असणार. दोन गुलमोहर. त्यातल्या एकाच्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्यानं बीळ केलं आहे, आणि मार्च उजाडला की तो दिवसभर टुक टुक करत बसतो, कुणीतरी लांबवर तपेली ठोकत असल्यासारखा. करंजाची तीन झाडं. एक जांभूळ, जिच्यामुळे जूनमध्ये पांढरे कपडे घातलेल्या मुलांच्या आया एकमेकींशी भांडतात. एक बकुळ, सासूबाईंनी लावलेली. तीन झोके, त्यातल्या एकाला फळी नाही. एक नळ. आणि सिमेंटचे चार बाक, प्रत्येकावर कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ असं कोरलेलं. बसलं की पाठीला कुणाचे तरी आजोबा टोचतात.

बस, एवढंच. यात पाहण्यासारखं काही नाही हे मलाही मान्य आहे. इंदूरला पाहुणे आले की आम्ही त्यांना नेहरू पार्कला नेतो (आमचे हे अजून बिस्को पार्क म्हणतात), पिपल्यापाल्याच्या रीजनल पार्कला तिकीट काढून नेतो, मेघदूतला नेतो आणि मग छप्पनवर खायला नेतो. कॉलनीच्या बगीच्यात कुणी पाहुण्याला नेत नाही. तिथे आपण आपलेच जातो, घरातल्या चपला घालून.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी गेले तर जमिनीवर चुन्याच्या रेषा. आमच्या बगीच्याचं 'सौंदर्यीकरण' मंजूर झालं आहे. हा शब्द ज्यानं काढला त्याला मी एकदा भेटणार आहे. एक तरुण इंजिनीअर होता, मुलगा गुणी होता, मला खुर्ची मागवत होता. त्यानं टॅबलेटवर चित्र दाखवलं. चित्रातल्या बगीच्यात सोनेरी केसांची एक बाई कुत्रा घेऊन फिरत होती आणि कडेनं उंच ताडासारखी झाडं होती. बाई कोण ते मी विचारलं नाही. निंब कुठे आहे, ते विचारलं. तो म्हणाला, "रहेगा आंटीजी, रेंडर में नहीं आया."

मी म्हटलं, बेटा, मापं दाखव. मापं त्याच्याकडे होती, आणि ती मी वहीत उतरवून घेतली. चारी बाजूंनी सहा फुटी पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, त्याचे झाले २,६१६ चौरस फूट. मधोमध कारंज्यासाठी ३० बाय ४० चा फरशीचा चौक, १,२००. ओपन जिमचा ओटा २० बाय ३०, म्हणजे ६००. एक छत्री आणि तिच्याखाली सेल्फी पॉइंट, १५ बाय २४, म्हणजे ३६०. आणि मुलांच्या झोक्यांखाली, लहान पोरं पडतात तिथे, २,००० चौरस फूट नकली गवत, खाली सिमेंटचा थर. एकूण ६,७७६. साडेबारा हजारांच्या बगीच्यात निम्म्याहून जास्त जमीन झाकली जाणार. त्यालाही ही बेरीज नवीन होती. त्यानं प्रत्येक वस्तू वेगळी मोजली होती, पण बेरीज करायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पेव्हरशी माझं वैर नाही. पण मालव्याची काळी माती ज्यांना माहीत आहे त्यांना हसू येईल. 'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर' असं आमच्याकडे मोठ्या तोऱ्यात म्हणतात. ही गंभीर धरती मे महिन्यात अशी तडकते की मुलाचा कंचा भेगेत गेला की गेलाच. आणि जुलैत पाणी प्यायली की फुगून वर येते. दर वर्षी खाली, दर वर्षी वर. तिच्यावर खालची भरणी नीट न करता पेव्हर बसवले की पहिल्या पावसाळ्यात ते हलतात आणि दुसऱ्यात एकमेकांच्या खांद्यावर चढून बसतात. बाजूच्या कॉलनीच्या ट्रॅकवर हेच झालं आहे, माझा डावा गुडघा त्याला साक्षी आहे. मातीच्या पायवाटेवर मी तीस वर्षांत पडले नाही.

झाडांचं तर वेगळंच. चौक निंबाच्या बुंध्याला जाऊन भिडतो आहे. बुंध्याभोवती एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढून टाका असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ सालीच दिला होता, दिल्लीतल्या झाडांपुरता. पण दिल्लीच्या निंबाला श्वास लागतो आणि इंदूरच्या निंबाला लागत नाही असं काही नसावं. चित्रातलं कुंपण कशाचं, असं विचारलं तर उत्तर आलं, कोनोकार्पस, लवकर वाढतं, हिरवं राहतं. शेजारच्या गुजरात सरकारनं २०२३ मध्ये याच झाडावर बंदी घातली. आणि तांबटाची ती वाळकी फांदी 'धोकादायक' म्हणून यादीत आधीच लिहिलेली आहे. ती डोक्यावर येण्यासारखी असती तर मीच म्हटलं असतं, कापा. पण तिच्याखाली कुणी बसत नाही, खाली मेंदीचं झुडूप आहे.

आता थोडं गणित, कंटाळू नका. इंदूरला वर्षाला साधारण ९५ सेंटीमीटर पाऊस पडतो. आमच्या १२,६०० चौरस फुटांवर त्याचं होतं जवळपास ११ लाख लिटर पाणी. पाच हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर दोनशेवीस टँकर, फुकट, घरपोच. सगळं मुरतं असं मी म्हणणार नाही. काळी माती एकदा फुगली की पाणी वर उभं राहतं, बेडकं ओरडतात आणि डासही होतात. पण हळूहळू ते खाली जातंच, आणि सिमेंटवर पडलेलं तर सरळ नालीत जातं. निम्मी जमीन झाकली की वर्षाला सहा लाख लिटर आम्ही हातानं बाहेर काढून देणार. हे त्या शहरात, जे नर्मदेचं पाणी जलूदहून उचलून, सत्तर किलोमीटर लांबून आणि घाट चढवून आणतं. १९७० मध्ये ते पाणी मिळावं म्हणून या गावानं आंदोलन केलं होतं. आमचे हे तेव्हा कॉलेजात होते आणि घोषणा देऊन घसा बसवून घरी आले होते. १९७८ मध्ये पाणी आलं. ते आल्यापासून आम्ही आभाळाकडे पाहायचं सोडलं, असं मला कधी कधी वाटतं.

११ लाख हा आकडा आमच्या गावाला एका वेगळ्या कारणानं पाठ आहे. १४ जुलै २०२४ ला रेवती टेकडीवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लावली गेली आणि गिनीजमध्ये नाव गेलं. मीही तो दिवस टीव्हीवर पाहिला आणि मला बरं वाटलं. टोमणा मारायचा म्हणून लिहीत नाही. पण टेकडीवर रोप लावायला लाखो हात जमतात आणि कॉलनीतल्या एका जुन्या निंबाला चार फूट माती ठेवा म्हणून सांगायला माणूस सापडत नाही, हे कसं, ते मला कुणी तरी समजावून द्यावं.

स्वच्छतेचंही तसंच. २०१७ पासून इंदूर पहिलं येत आलं आहे, आणि पुण्याला गेले की मी नणंदेला ते जेवताना ऐकवते. ओला, सुका, वेगळा कचरा माझी पाच वर्षांची नातसुद्धा ओळखते. मात्र पहिल्या नंबराची एक खोड लागते. सगळं फोटोत नीट दिसलं पाहिजे. वाळलेलं पान फोटोत कचरा दिसतं. मातीही कचराच दिसते. आमचा बगीचा झाडणाऱ्या माणसाला हुकूम आहे की पान दिसता कामा नये, म्हणून करंजाची पानं रोज पोत्यात भरून जातात आणि वर्षातून एकदा खताची गोणी विकत येते.

इथे मला एका परक्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. आमच्या एका साहेबांनी ती मला नकाशा सुकेपर्यंत सांगितली होती, नंतर मी वाचनालयात जाऊन ताडून पाहिली. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश माणूस, मुळात वनस्पतिशास्त्राचा, होळकर दरबारानं शहराची योजना करायला बोलावलेला. मुंबईच्या वाचकांना तो वेगळ्या नात्यानं आठवेल, १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक तोच. इंदूरचा त्याचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. तो आला तेव्हा गावात प्लेग होता आणि लोक त्याच्याकडे संशयानं बघत, कारण हातात नकाशा घेऊन फिरणारा गोरा म्हणजे घर पाडायला आलेला, हा अनुभव होता. (नकाशा घेऊन फिरणाऱ्याकडे लोक कसे बघतात हे मला कुणी सांगायला नको.)

तर त्यानं काय करावं? त्यानं दिवाळीला एका दिवसाचं राजेपद मागून घेतलं. दवंडी पिटवली की यंदाची मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही. ज्या गल्लीत जास्तीत जास्त घरं साफ आणि दुरुस्त झालेली असतील त्या गल्लीतून जाईल. गाव झाडून निघालं. मिरवणुकीत प्लेगचा एक प्रचंड उंदीर होता, तो शेवटी जाळला. आणि त्या मिरवणुकीत झाडूवाले होते, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, नव्या झाडूंना फुलांच्या माळा घालून. शेवटी लोकांना वाटली ती तुळशीची रोपं. दुसरं काही नाही, तुळस. या माणसाची शहर सुधारण्याची रीत अशी होती की आधी गल्लीत पायी फिरायचं, पडकी दोन-चार घरं काढून मोकळ्या झालेल्या जागेत झाड लावायचं, पार बांधायचा आणि बाकी सगळं राहू द्यायचं. कमीत कमी मोडतोड, कमीत कमी खर्च. साहेब म्हणायचे, "हा शहराचा वैद्य होता, सर्जन नव्हता." शंभर वर्षांनी आमच्याकडे टॅबलेट आला आहे आणि सर्जनही.

झाडूवाल्यांचा उल्लेख मी उगाच केला नाही. सकाळी १० ते दुपारी ४ आमच्या बगीच्याला कुलूप असतं. हे कुलूप कुणी वरून लावलं असं समजू नका. सहा वर्षांपूर्वी काही मुलं दुपारी पत्ते खेळत बसायची, शिव्या द्यायची, म्हणून कॉलनीतल्या आम्ही बावीस घरांनी अर्ज केला होता. त्या अर्जावर माझी सही आहे, तिसरी. अक्षर चांगलं म्हणून अर्जही मीच लिहिला होता. दोन आठवड्यांत कुलूप आलं. तेवढ्या चपळाईनं झोक्याची फळी आजतागायत आलेली नाही.

गेल्या मे महिन्यात दुपारी दीड वाजता मी औषध आणायला निघाले. आमच्या गल्ल्या झाडणाऱ्या दोघी बगीच्याच्या फाटकाबाहेर पायरीवर बसून डबा खात होत्या. भिंतीची सावली जेमतेम वीतभर होती, तिच्यात पाय आखडून. फाटकाच्या आत निंबाची सावली पसरलेली होती, निदान चाळीस फुटांची, आणि तिथे एक कुत्रा झोपला होता. तो गजांतून जातो. मी म्हटलं, उन्हात का बसलात? थोरली हसून म्हणाली, "बाईजी, छाँव तो अंदर है." थोड्या अंतरावर पार्सल पोचवणारा एक मुलगा स्कूटरवर हेल्मेट उशाला घेऊन पडला होता. समोरच्या बंगल्याचा चौकीदारही फाटकाला टेकून उभा. दुपारी बगीचा कुणाला लागतो हे मला तेव्हा दिसलं. आम्ही बावीस घरांतली माणसं त्या वेळी पंख्याखाली आडवी झालेली असतो. आम्हाला सकाळ-संध्याकाळ पुरते, आणि आमच्याच सोयीच्या वेळा फाटकावर रंगवल्या आहेत.

मी घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, तो अर्ज मागे घ्यायचा आहे. ते म्हणाले, "अर्ज मागे घेता येतो, कुलूप मागे घेता येत नाही." खरंच निघालं. नव्या अर्जावर मला अकराच सह्या मिळाल्या. कुलकर्ण्यांच्या काकूंनी दिली, सिंधी भाभींनी दिली, वरच्या मजल्यावरच्या जोशीबुवांनी नाही दिली, "पत्तेवाले परत येतील." येतील कदाचित. आले तर मी जाऊन त्यांना उठवीन, तेवढं मला जमतं.

मातीचं कौतुक मी म्हातारपणी करते आहे असं वाटेल. पण जरा श्राद्धपक्षात या. सोळा दिवस मालवी मुली भिंतींवर शेणानं संझा काढतात आणि तिला फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. त्या पाकळ्या आमच्या बगीच्यातल्या तेरड्याच्या असतात, कारण तेरडा कुणी न लावता मातीतून आपोआप उगवतो. पेव्हरमधून तो उगवेल, पण मग त्याला 'तण' म्हणतील. ते सोळा दिवस संपतात न संपतात तोच आमचा मराठी बायकांचा भोंडला. पाटावर हत्ती काढून बगीच्यात मध्ये ठेवायचा आणि भोवती फेर. आमचा फेर इंदुरी आहे. निम्म्या बायकांना शब्द येत नाहीत, पंजाबी शेजारीण 'ऐलमा पैलमा' म्हणताना पंजाबी ताल धरते, आणि खिरापत ओळखायची वेळ आली की सगळ्या एकच उत्तर देतात, "पोहे!" एका वर्षी मी मुद्दाम भुट्ट्याचा कीस केला तरी कुणी ओळखला नाही. मालव्याच्या थंडगार रात्रींचं, शब-ए-मालवाचं, लोकांनी एवढं गुणगान केलं आहे. ती थंडी अंगाला लागते ती अशा वेळी, अनवाणी, ओल्या मातीवर. नव्या चित्रात त्याच जागेवर कारंजं आहे आणि त्याला चार रंगांचे दिवे.

तर आमचं म्हणणं काय? फार थोडं आहे. माळी द्या. पूर्वी आमच्याकडे एक मालीबाबा रोज यायचे, नळाला पाइप लावायचे आणि मुलांना ओरडायचे. दोन्ही कामं तेवढीच गरजेची होती. आता जो येतो त्याच्याकडे कितीतरी बगीचे आहेत, आठवड्यातून एकदा येतो आणि कडेच्या झुडपांचे चौकोनी केस कापून जातो. कारंज्याला पंप लागेल, पंपाला वीज लागेल, पंप बिघडेल आणि मग त्या हौदात पावसाचं पाणी साठून डास होतील. हे सांगायला ज्योतिषी नको, गावात अशी कारंजी मोजायची म्हटली तर मी नावं देईन. तो पैसा माळ्याच्या पगाराला वळवता येत नाही, असं मला सांगण्यात आलं, कारण एक 'निर्माण' आहे आणि दुसरं 'देखभाल', दोन वेगळे हेड आहेत. ३१ वर्षं कचेरीत काढल्यामुळे हे मला समजतं. पटत मात्र नाही.

झोक्याला फळी द्या. ओपन जिम द्यायचीच असेल तर द्या, आमच्यातल्या दोन-तीन जणी उत्साही आहेत, पण तिचा ओटा उत्तरेच्या भिंतीकडे सरकवा, तिथे तसंही काही उगवत नाही. ट्रॅक मुरमाचा करा, चार फुटी. निंबाच्या भोवती हात लावू नका. फांदी राहू द्या. पानं कोपऱ्यात खड्डा करून त्यात टाका, तिथेच खत होईल, गोणी नको. आणि दुपारचं कुलूप काढा. याला तर पैसाही लागत नाही, एक माणूस येऊन उलटीकडे किल्ली फिरवेल एवढंच.

मधल्या पावसानं चुन्याच्या रेषा धुऊन गेल्या. सोमवारी पुन्हा टाकायला येणार आहेत असं त्या मुलानं फोन करून सांगितलं, स्वतःहून, ते मला आवडलं. म्हणाला, "आंटीजी, आप भी आ जाना, मेजरमेंट देख लेंगे." मी कपाटातून माझी पन्नास फुटी टेप काढून ठेवली आहे. पहिले सात इंच झिजले आहेत, तिथून मोजायचं नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

कृपया नाव छापू नये, जोशीबुवा आपलं वर्तमानपत्र वाचतात.

आपली,
एक निवृत्त ट्रेसर, इंदूर

ता. क. सोबत बगीच्याच्या नकाशाची प्रत जोडते आहे. मूळ प्रिंट मिळाला नाही, ही झेरॉक्स आहे, त्यामुळे हिरवा भाग काळपट आला आहे. तो सगळा बांधकामाचा समजू नये. मध्ये बारीक अक्षरांत 'खुली भूमि' लिहिलेलं आहे, चष्मा लावून पाहिलं तर वाचता येतं.